मुक्काम पोस्ट हर्शी : बेअर्स हॉकी संघाची वाटचाल

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, राजधानी हॅरिसबर्गच्या पूर्वेला, हर्शी नावाचे गाव आहे. चॉकलेटमुळे हे नाव जगभर पोहोचले. आइस हॉकीच्या दुनियेत मात्र हर्शी म्हटले की आधी आठवतो तो तिथला संघ, हर्शी बेअर्स. अमेरिकन हॉकी लीगमध्ये १९३८ पासून हा संघ एकही हंगाम न चुकवता, त्याच गावातून आणि त्याच नावाने खेळत आला आहे. इतका अखंड वारसा लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संघाकडे नाही. कॅल्डर चषक हा या लीगचा सर्वोच्च मान. बेअर्सनी तो २०२४ पर्यंत तेरा वेळा जिंकला. हाही विक्रमच.

अमेरिकन हॉकी लीग ही दुसऱ्या पायरीवरची व्यावसायिक स्पर्धा आहे. तिच्या वर नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल. रणजी गाजवणाऱ्या खेळाडूचे डोळे कसोटी संघाकडे लागलेले असतात, तसे इथल्या प्रत्येकाचे एनएचएलकडे. शिवाय या लीगमधला प्रत्येक संघ एनएचएलच्या एखाद्या संघाशी कराराने बांधलेला असतो. वरच्या संघात कोणी जखमी झाला की खालच्या संघातला खेळाडू निरोप मिळताच बॅग उचलून निघतो. हंगाम ऐन रंगात आलेला असतो, सर्वांत चांगला खेळाडू निघून जातो, आणि प्रशिक्षकाने तक्रार करायची नसते. आपल्या माणसाला बढती मिळाली म्हणून आनंद मानायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी नवी फळी बांधायची. अशा व्यवस्थेत संघ उभा करणे सोपे असते, संस्था उभी करणे महाकठीण. हर्शीने ते कसे साधले, त्याचा हा इतिहास.

आधी गाव

संघाची मुळे गावात आहेत आणि गावाची मुळे मिल्टन हर्शी या एका माणसात. त्यांचा जन्म १८५७ साली याच परिसरातल्या डेरी टाउनशिपमध्ये झाला. मिठाईच्या धंद्यात दोनदा-तीनदा हात पोळल्यावर लँकेस्टर येथे कॅरमलच्या व्यवसायात त्यांचा जम बसला. तो व्यवसाय त्यांनी १९०० मध्ये दहा लाख डॉलरना विकला आणि १९०३ मध्ये जन्मगावच्या कुरणांमध्ये चॉकलेटचा कारखाना बांधायला घेतला. आसपास दुभती जनावरे मुबलक होती, त्यामुळे मिल्क चॉकलेटसाठी लागणारे दूध हाकेच्या अंतरावर मिळत होते. कारखान्यामागोमाग कामगारांची घरे आली, ट्राम आली, उद्यान आले.

मिल्टन आणि त्यांच्या पत्नी कॅथरीन यांना मूल नव्हते. १९०९ मध्ये दोघांनी अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली. कॅथरीनबाईंच्या निधनानंतर, १९१८ मध्ये, मिल्टन यांनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग शाळेसाठीच्या विश्वस्त निधीच्या नावे केला. बेअर्सच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे. संघाची मालकी हर्शी एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्स या कंपनीकडे आहे आणि ती कंपनी याच विश्वस्त निधीच्या मालकीची आहे. म्हणजे बेअर्सच्या सामन्याचे तिकीट काढणारा माणूस नकळत त्या शाळेलाही हातभार लावत असतो. आज त्या शाळेत कमी उत्पन्नाच्या घरांतली दोन हजारांहून अधिक मुले-मुली विनामूल्य राहतात आणि शिकतात.

आइस पॅलेस आणि हौशी दिवस

गावात १९१५ मध्ये बांधलेले एक मोठे अधिवेशन सभागृह होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याचे रूपांतर बर्फाच्या मैदानात करण्यात आले आणि त्याला आइस पॅलेस असे नाव मिळाले. जेमतेम दोन हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या जागेत फेब्रुवारी १९३१ मध्ये हॉकीचा सामना झाला. तो पाहायला लोटलेली गर्दी गावच्या करमणूक विभागाचे प्रमुख जॉन सोलेनबर्गर यांच्या नजरेतून सुटली नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, हर्शीचा स्वतःचा हौशी संघ उभा राहिला.

आरंभी त्याचे नाव साधेच होते, हर्शी हॉकी क्लब. १९३३ मध्ये तो ईस्टर्न अमॅच्युअर हॉकी लीगमध्ये उतरला तेव्हा चॉकलेटच्या वडीची आठवण करून देणारे 'बार्स' हे नाव त्याला देण्यात आले. खेळाच्या आडून मालाची जाहिरात चालली आहे, असा आक्षेप त्यावर आला. १९३६ मध्ये त्याचे 'बेअर्स' झाले आणि अस्वल हे संघाचे चिन्ह ठरले. चॉकलेटी रंग मात्र तसाच राहिला. आजही संघाचा गणवेश चॉकलेटी आणि पांढराच आहे.

सोलेनबर्गर स्वतः खेळाडू नव्हते. सामन्यांच्या तारखा, तिकिटे, खेळाडूंची राहण्याची सोय, लीगच्या बैठका असा सगळा व्याप त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. पुढे अमेरिकन हॉकी लीगने हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूचे पारितोषिक त्यांच्याच नावाने सुरू ठेवले. पडद्यामागच्या कार्यकर्त्याचे नाव गोल करणाऱ्यांच्या पारितोषिकाला मिळावे, यातच त्यांच्या कामाची पावती आहे.

साडेतीन इंचांचे छत

१९३० च्या दशकात अमेरिका महामंदीने होरपळत होती. कारखाने बंद पडत होते, कामगार रस्त्यावर येत होते. मिल्टन हर्शी यांनी त्याच काळात गावात बांधकामांचा धडाका लावला. हॉटेल हर्शी आणि लोकसेवा भवन १९३३ मध्ये पूर्ण झाले, स्टेडियम १९३९ मध्ये. गावातल्या हातांना काम मिळावे आणि पडत्या भावात मिळणाऱ्या सिमेंट-लोखंडातून गावाला कायमच्या वास्तू मिळाव्यात, असा दुहेरी विचार त्यामागे होता. चित्र सगळेच गुळगुळीत नव्हते. १९३७ मध्ये चॉकलेट कारखान्यात कामगारांनी ठिय्या संप केला आणि त्याचा शेवट हाणामारीत झाला. तरीही त्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींनी गावाला पुढची अनेक दशके आधार दिला, हे खरे.

यातली सर्वांत धाडसी वास्तू म्हणजे हॉकीसाठी बांधलेले हर्शी स्पोर्ट्स अरीना. हर्शीच्याच लंबर कंपनीचे डी. पॉल विट्मर यांच्याकडे या कामाची सूत्रे होती. छताची रचना मात्र युरोपातून आलेले तरुण अभियंते अँटन टेडेस्को यांनी केली. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नको, म्हणजे कुठल्याही आसनावरून पूर्ण बर्फ दिसला पाहिजे, ही अट होती. टेडेस्को यांनी पातळ कवचाच्या काँक्रीटचा मार्ग सुचवला. उभ्या कापलेल्या पिंपासारखी कमान आणि तिला ठरावीक अंतरावर बरगड्या. छताची जाडी अवघी साडेतीन इंच, आणि ते झेपावते सुमारे दोनशेवीस फुटांवर. अमेरिकेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम त्याआधी झाले नव्हते.

ही कमान भागाभागाने ओतली गेली. खाली लाकडी साचा आणि त्याला तोलणारी परांची. एका भागाचे काँक्रीट एकदा ओतायला घेतले की मध्ये थांबायचे नाही. ते पक्के झाले की साचा अलगद खाली उतरवायचा, आधार काढल्यावर कमान आपले वजन पेलते की नाही ते पाहायचे, आणि मग तीच परांची पुढच्या भागाखाली सरकवायची. हे करणारे बहुतेक हात गावातले आणि आसपासच्या शेतांवरले होते. साच्यावर पहिल्यांदाच काम करणारी ही माणसे, आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत पुढे ज्याचा दाखला दिला गेला असे त्यांच्या हातचे काम. १९ डिसेंबर १९३६ रोजी तिथे पहिला सामना झाला. सात हजारांहून अधिक आसने होती. त्या वेळी हर्शी गावात तेवढी वस्तीही नव्हती. एवढ्या खुर्च्या भरायच्या तर पंचक्रोशीतून माणसे यायला हवीत, आणि ती आली.

अमेरिकेच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या इतिहासात या इमारतीची नोंद आहे. बेअर्सच्या इतिहासात तिचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. संघाला स्वतःच्या मालकांनी बांधलेले, स्वतःच्या हक्काचे घर मिळाले. भाडे वाढले, करार संपला, मैदान पाडले, ही संकटे पुढे इतर कित्येक संघांच्या मुळावर आली. हर्शीच्या दारात ती आली नाहीत.

लीगमध्ये प्रवेश आणि पहिला चषक

हौशी लीगमध्ये नाव कमावल्यावर १९३८ मध्ये बेअर्स व्यावसायिक झाले. तेव्हाच्या इंटरनॅशनल-अमेरिकन हॉकी लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. हर्ब मिचेल हे पहिले प्रशिक्षक. १९४० मध्ये लीगचे नाव बदलून अमेरिकन हॉकी लीग झाले. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात भरती झाले, लीगमधल्या संघांची संख्या रोडावली, प्रवासावर बंधने आली. हर्शीचा हंगाम मात्र एकदाही रद्द झाला नाही.

मिल्टन हर्शी १३ ऑक्टोबर १९४५ रोजी वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, बेअर्सनी पिट्सबर्ग हॉर्नेट्सचा सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत पराभव करून पहिला कॅल्डर चषक जिंकला. ज्यांनी मैदान उभारले त्यांना हा दिवस पाहायला मिळाला नाही.

मॅथर्स पर्व

१९५६ मध्ये पिट्सबर्गचे जुने मैदान, ड्युकेन गार्डन्स, पाडण्यात आले आणि हॉर्नेट्स संघाने खेळ थांबवला. त्या संघातले दोन मोहरे हर्शीला आले. एक बचावपटू फ्रँक मॅथर्स आणि दुसरा आघाडीपटू विली मार्शल. एका गावाने मैदान गमावले आणि दुसऱ्या गावाचे भाग्य उजळले.

मॅथर्स मूळचे कॅनडातल्या विनिपेगचे. टोरोंटो मेपल लीफ्सकडून ते एनएचएलचे मोजकेच सामने खेळले होते. हर्शीत ते खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी आले तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली होती. खेळाडूंसोबत बर्फावर उतरायचे आणि त्याच खेळाडूंना बाकावर बसवायचा निर्णयही स्वतःच घ्यायचा, ही तारेवरची कसरत त्यांनी सहा हंगाम केली. १९५८ मध्ये स्प्रिंगफील्ड इंडियन्सना आणि १९५९ मध्ये बफेलो बायसन्सना हरवून संघाने लागोपाठ दोन चषक आणले. १९६२ मध्ये त्यांनी खेळणे थांबवले. प्रशिक्षकपद १९७३ पर्यंत चालू ठेवले आणि त्या काळात १९६९ चा चषकही मिळवला. पुढे अध्यक्ष आणि महाव्यवस्थापक म्हणून १९९१ पर्यंत संघाची धुरा वाहिली. १९७४, १९८० आणि १९८८ हे तीन चषक त्यांच्या व्यवस्थापनाखाली आले. खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा भूमिकांतून पस्तीस वर्षे आणि सहा चषक. १९९२ मध्ये टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, खेळ घडवणाऱ्यांच्या वर्गात, त्यांची निवड झाली. एनएचएलमध्ये फार न खेळलेल्या माणसाला हा मान मिळाला, तो हर्शीत त्यांनी जे उभे केले त्यासाठी. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मार्शल यांची गोष्टही तितकीच बोलकी आहे. एनएचएलमध्ये त्यांना फारशी संधी मिळाली नाही. मात्र अमेरिकन हॉकी लीगमध्ये त्यांनी ५२३ गोल केले आणि १,३७५ गुण मिळवले. लीगचे हे उच्चांक अजून कोणी ओलांडलेले नाहीत. १९५७-५८ च्या हंगामात हर्शीकडून खेळताना सर्वाधिक गुणांचे सोलेनबर्गर पारितोषिक त्यांनी पटकावले. आज लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारे पारितोषिक मार्शल यांच्या नावाचे आहे.

याच पिढीतले आर्नी कुलमन, माइक निकोलक आणि राल्फ केलर. निकोलक १९५८ ते १९७२ अशी चौदा वर्षे हर्शीत खेळले. त्यांचा ८ क्रमांक संघाने त्यांच्यानंतर कोणालाही दिला नाही. मॅथर्स आणि केलर यांचा ३, कुलमन आणि नंतरचे टिम टूकी यांचा ९, मार्शल आणि मिच लामरू यांचा १६ आणि अलीकडचे ख्रिस बोर्क यांचा १७, हे क्रमांकही असेच सन्मानाने निवृत्त झाले आहेत. काही क्रमांकांवर दोन-दोन नावे आहेत, यावरून गुणी माणसे इथे किती काळ रमली याची कल्पना यावी.

काही थोडा काळ थांबून गेले तेही हर्शीची खूण घेऊन गेले. डॉन चेरी १९५५ मध्ये हर्शीत खेळत असताना बॉस्टन ब्रुइन्सकडून त्यांना बोलावणे आले आणि ते एनएचएलमधला आपला एकमेव सामना खेळले. पुढे त्याच बॉस्टनचे प्रशिक्षक म्हणून ते नावारूपाला आले आणि नंतर कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर हॉकीचा आवाज बनले.

गावाचे सभागृह

अरीना हॉकीसाठी बांधले होते, पण ते सगळ्या गावाचे होते. २ मार्च १९६२ च्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना होता, फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. प्रेक्षक होते ४,१२४. विल्ट चेंबरलेन यांनी त्या रात्री एकट्याने शंभर गुण केले. एनबीएच्या इतिहासात तो आकडा कोणालाही गाठता आलेला नाही. सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नव्हते. हातात '१००' लिहिलेला कागद धरलेले चेंबरलेन यांचे छायाचित्र त्या रात्रीची साक्ष देते.

त्यानंतर सतरा वर्षांनी तेच छत वेगळ्याच कारणाने उपयोगी पडले. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. हर्शीपासून हे केंद्र फार दूर नव्हते. दोन दिवसांनी राज्यपालांनी केंद्राच्या पाच मैलांच्या परिसरातील गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. त्यातल्या अनेकांची व्यवस्था हर्शीच्या अरीनामध्ये झाली. हॉकीच्या सामन्यांसाठी बांधलेल्या सभागृहात खाटा मांडल्या गेल्या आणि आया तान्ह्या मुलांना घेऊन तिथे राहिल्या. संघाच्या इतिहासात या दिवसांची नोंद हवीच, कारण संकटात लोकांचे पाय ज्या दाराकडे वळतात तेच गावाचे खरे सार्वजनिक घर.

मुख्य संघ बदलत गेले

वर म्हटल्याप्रमाणे, या लीगमधला संघ एनएचएलच्या संघाशी बांधलेला असतो. बॉस्टन, पिट्सबर्ग, बफेलो, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, कोलोरॅडो आणि पुन्हा वॉशिंग्टन अशी हर्शीची नाती बदलत गेली. आज एनएचएलचे अनेक संघ आपला दुय्यम संघ स्वतःच्याच मालकीचा ठेवतात. बेअर्सचा मालक स्वतंत्र राहिला. वरचा संघ खेळाडू पाठवतो, गावचा संघ गावचाच राहतो.

फिलाडेल्फिया फ्लायर्सशी १९८४ मध्ये जुळलेल्या नात्याने १९८८ चा चषक दिला. जॉन पॅडॉक यांच्या त्या संघाने बाद फेरीतले बाराच्या बारा सामने जिंकले. एकही हार नाही. गोलरक्षक वेंडेल यंग त्या बाद फेरीचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल हर्शीत तयार होऊन फ्लायर्सकडे गेले आणि १९८७ मध्ये एनएचएलच्या बाद फेरीतले सर्वोत्तम खेळाडू ठरले.

१९९६ मध्ये मात्र फ्लायर्सनी फिलाडेल्फियातच आपला स्वतःचा दुय्यम संघ काढला. हर्शीला नवा जोडीदार शोधावा लागला. तेव्हाचे महाव्यवस्थापक जे फीस्टर हे पेशाने वकील आणि याच भागातले. त्यांनी कोलोरॅडो अॅव्हलांचशी हात मिळवला. बॉब हार्टली प्रशिक्षक झाले. पहिल्याच वर्षी बाद फेरीत फिलाडेल्फियाचा तो नवा संघ समोर उभा ठाकला. सात सामन्यांच्या अटीतटीत बेअर्सनी त्याला नमवले आणि पुढे हॅमिल्टनला हरवून १९९७ चा चषक उचलला. हार्टली २००१ मध्ये कोलोरॅडोला आणि फीस्टर २००४ मध्ये टँपा बेला स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचा सर्वोच्च मान, मिळवून देणाऱ्यांत होते. घडणारे खेळाडू इथून वर जातात, तसे घडलेले प्रशिक्षक आणि व्यवस्थापकही जातात.

नवे घर, जुने जोडीदार

जुन्या अरीनाला पासष्ट वर्षे झाली होती. ऑक्टोबर २००२ मध्ये संघ शेजारीच बांधलेल्या जायंट सेंटरमध्ये गेला. आसने साडेदहा हजारांच्या घरात. जुनी वास्तू पाडली नाही, ती आजही उभी आहे आणि वापरात आहे. जानेवारी २०१३ मध्ये बेअर्सनी गावच्या उघड्या स्टेडियममध्ये बर्फ अंथरून सामना खेळला, तेव्हा सतरा हजारांहून अधिक माणसे कडाक्याच्या थंडीत बसून होती.

२००५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सशी नाते पुन्हा जुळले आणि लगोलग ब्रूस बूड्रो यांच्या मार्गदर्शनाखाली २००६ चा चषक आला. नोव्हेंबर २००७ मध्ये तळाला गेलेल्या कॅपिटल्सनी बूड्रो यांना हर्शीहून बोलावून घेतले. त्याच हंगामात संघ गटात अव्वल आला आणि बूड्रो एनएचएलचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. इकडे बॉब वूड्स यांनी २००९ मध्ये चषक जिंकला आणि मार्क फ्रेंच यांनी २०१० मध्ये तो राखला. २००९-१० च्या साखळी फेरीत बेअर्सनी साठ सामने जिंकून लीगचा उच्चांक केला. अंतिम मालिकेत टेक्सास स्टार्सनी त्यांना घरच्या मैदानावर पहिले दोन सामने हरवले. त्यानंतर बेअर्सनी सलग चार जिंकले.

त्या पिढीतला जे बीगल अनेकांचा लाडका. तो एनएचएलच्या निवडप्रक्रियेत कोणीच न घेतलेला खेळाडू होता. त्याने तिसऱ्या पायरीवरच्या ईसीएचएलचा केली चषक, हर्शीत दोन कॅल्डर चषक आणि २०१८ मध्ये वॉशिंग्टनबरोबर स्टॅन्ली चषक जिंकला. तिन्ही पायऱ्यांचे चषक जिंकणारा तो पहिला खेळाडू. त्याच विजेत्या वॉशिंग्टन संघातले गोलरक्षक ब्रेडन होल्टबी आणि बचावपटू जॉन कार्लसनही हर्शीतूनच गेलेले.

बर्फावर अस्वले

२००१ पासून हर्शीत एक प्रथा सुरू आहे. वर्षातला एक सामना ठरलेला असतो. प्रेक्षक घरून कापडी खेळणी घेऊन येतात आणि बेअर्सचा पहिला गोल होताच ती बर्फावर फेकतात. ही कल्पना मूळची कॅनडातली, पण हर्शीने तिला आपलेसे करून टाकले. गोल होतो आणि वरच्या रांगांपासून अस्वले, ससे, हत्ती खाली येऊ लागतात. पांढरे मैदान दिसेनासे होते. गोल करणारा खेळाडू मुद्दाम त्या ढिगात अंग टाकतो. मग खेळाडू आणि स्वयंसेवक मिळून खेळणी गोळा करतात, मोजतात आणि परिसरातल्या सेवाभावी संस्थांमार्फत मुलांपर्यंत पोहोचवतात. डिसेंबर २०१९ मध्ये ४५,६५० खेळणी जमली, जानेवारी २०२४ मध्ये ७४,५९९ आणि ५ जानेवारी २०२५ रोजी १,०२,३४३. सभागृहाची क्षमता साडेदहा हजारांची. म्हणजे एकेका घराने पिशव्या भरभरून खेळणी आणली होती.

अलीकडचे दोन चषक

२०१० नंतर तेरा वर्षे चषकाने हुलकावणी दिली. २०२३ मध्ये टॉड नेल्सन यांचा संघ अंतिम मालिकेत कॅलिफोर्नियाच्या कोचेला व्हॅली फायरबर्ड्ससमोर उभा राहिला. पहिले दोन सामने बेअर्सनी ५-० आणि ४-० असे गमावले. हर्शीत परतल्यावर बेअर्सनी तिन्ही सामने जिंकले, त्यांतले दोन जादा वेळेत. सहावा सामना गमावला. सातव्या, निर्णायक लढतीसाठी संघ पुन्हा वाळवंटातल्या त्या मैदानावर गेला आणि ०-२ असा पिछाडीवर पडला. दोन गोल फेडून बरोबरी साधली. जादा वेळेत माइक वेकियोनी यांनी विजयी गोल केला. पुढच्या वर्षी तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा जादा वेळ. या वेळी घरच्या प्रेक्षकांसमोर मॅट स्ट्रोम यांच्या गोलने तेरावा चषक आला.

कॅल्डर चषक : विजयाची वर्षे आणि अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी

१९४७ : पिट्सबर्ग हॉर्नेट्स
१९५८ : स्प्रिंगफील्ड इंडियन्स
१९५९ : बफेलो बायसन्स
१९६९ : क्वेबेक एसेस
१९७४ : प्रॉव्हिडन्स रेड्स
१९८० : न्यू ब्रन्सविक हॉक्स
१९८८ : फ्रेडरिक्टन एक्स्प्रेस
१९९७ : हॅमिल्टन बुलडॉग्ज
२००६ : मिलवॉकी अॅडमिरल्स
२००९ : मॅनिटोबा मूस
२०१० : टेक्सास स्टार्स
२०२३ : कोचेला व्हॅली फायरबर्ड्स
२०२४ : कोचेला व्हॅली फायरबर्ड्स

संस्था कशाने टिकली

या यादीतली प्रतिस्पर्ध्यांची नावे सावकाश वाचावीत. पहिल्या आठांपैकी एकही संघ आज त्या नावाने, त्या गावातून या लीगमध्ये खेळत नाही. कोणाचे मैदान गेले, कोणाचा मालक बदलला, कोणाला एनएचएलच्या करारापायी दुसऱ्या शहरात जावे लागले. ते संघ खेळात कमी नव्हते. त्यांतल्या काहींनी बेअर्सना अनेकदा धूळ चारली होती. ते टिकले नाहीत याची कारणे बर्फाबाहेरची होती, आणि बेअर्स टिकले याचीही.

पहिले कारण मालकीचे. नफा शाळेकडे जाणार हे ठरलेले असल्याने, चार पैसे जास्त मिळतात म्हणून संघ दुसऱ्या शहराला विकण्याचा मोह या व्यवस्थेत रुजला नाही. दुसरे कारण घराचे. मंदीच्या काळात गावाच्या हातांनी बांधलेल्या मैदानाने पासष्ट वर्षे साथ दिली, आणि ते अपुरे पडू लागले तेव्हा नवे मैदान त्याच गावात उभे राहिले. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण माणसांचे. सोलेनबर्गर यांच्यानंतर खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक अशा पायऱ्या चढलेले लॉइड ब्लिंको, मग मॅथर्स, मग फीस्टर. १९८२ पासून संघात असलेले डग यिंग्स्ट १९९८ ते २०१६ महाव्यवस्थापक राहिले आणि त्यांच्या काळात तीन चषक आले. त्यांच्या जागी आलेले ब्रायन हेल्मर हे २०१० च्या विजेत्या संघाचे कर्णधार. म्हणजे जवळजवळ प्रत्येक सूत्रधार आधी याच घरात काम शिकला होता. खेळाडू दर हंगामाला येतात आणि जातात. दार उघडून त्यांचे स्वागत करणारा माणूस मात्र जुना, ओळखीचा असतो.

दुय्यम लीग म्हणून अशा संघांकडे पाहताना, वर जाण्याची ही नुसती शिडी आहे असे समजण्याची चूक होते. वर गेलेल्यांची नावे हर्शीने अभिमानाने जपली, पण त्याहून अधिक मान मार्शल आणि निकोलक यांना दिला, ज्यांनी आपली उमेदीची वर्षे इथल्या बर्फावर घालवली. जे गाव आपल्या माणसांचे काम त्यांच्या पायरीवरून न मोजता त्यांच्या निष्ठेवरून मोजते, त्या गावाला संघ राखता येतो. बेअर्सच्या पुढच्या कार्यकर्त्यांनी तेरा चषकांचा अभिमान जरूर बाळगावा. त्यांनी जपायचे आहे ते मात्र या तीन गोष्टींचे भान: पैसा कोणासाठी, घर कोणाचे आणि कामाची सूत्रे कोणाच्या हाती. ते भान सुटले नाही तर चौदावा चषकही येईल, आणि तो येण्याआधीची वर्षेही संघ त्याच गावात, तेवढ्याच मानाने खेळत राहील.